मसाल्याची जुनी जाहिरात

भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की उठून जाणाऱ्यांतला मी. या ग्रुपवरचे अनुभवसुद्धा मी टाइमपास म्हणूनच वाचायचो. त्यामुळे स्वतःचा लिहिताना जरा ऑकवर्ड होतंय... तरी लिहितो.

बुलढाणा जिल्ह्यात मोताळ्याला आमचा मसाल्याचा छोटा धंदा आहे. आठवडी बाजारात दुकान लावतो आणि त्या दिवशी रिक्षावर भोंगा बांधून जाहिरात फिरवतो. ती माझ्या आईच्या आवाजात होती – "या वो बाया, वास घ्या... आवडला तं मंग न्या!" बस, एवढीच. चाल तिचीच. बाजारात कितीही भोंगे ओरडत असले तरी हा आवाज आला की बायका आमच्याकडे वळायच्या. पाकिटावरचं नाव कुणी वाचतच नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी आई गेली. जाहिरात चालूच राहिली. मागच्या उन्हाळ्यात मी नवी पाकिटं काढली, लोगो केला आणि पुण्याहून नवी जिंगल करून आणली. गिटार, गोड आवाज, शुद्ध भाषा. मेमरी कार्ड फॉरमॅट करून त्यावर ती टाकली. आईच्या आवाजाची दुसरी कॉपी कुठेच नाही, हे नंतर लक्षात आलं. बाबांना सांगायची हिंमत झाली नाही.

नव्या जिंगलचा पहिला बाजार. अकराच्या सुमारास एक म्हातारी आली.

"तुह्या मायचा आवाज आयकला अन् आली बाप्पा."

"मावशी, आता नवी जाहिरात हाये."

"कायची नवी? थेच तं वाजून राह्यली!"

रिक्षा समोरूनच चालली होती. मला स्वच्छ गिटार ऐकू येत होती.

म्हटलं, सवयीने वाटत असेल. पण दुपारपर्यंत आणखी चार-पाच जणी तेच बोलल्या. मग कॉलेजातल्या एका मुलीने हसत विचारलं, "दादा, थे शेवटी 'जेवला का रे संजू' कोणाले म्हणतात?"

संजू म्हणजे मी. रेकॉर्डिंगच्या वेळी माइक चालू आहे हे आईला कळलं नव्हतं, आणि तिने काचेपलीकडून मला तसं विचारलं होतं. ते वाक्य तिथेच कापलं होतं. जाहिरातीत ते कधीच नव्हतं!

मी धावत जाऊन रिक्षा थांबवली. ड्रायव्हर रमेशदादाने कार्ड काढून दाखवलं. मोबाईलमध्ये घालून पाहिलं – एकच फाईल, पुण्याची.

"पण मी तं सकाळपासून काकूलेच आयकून राह्यलो," तो म्हणाला. "मले वाटलं, तूच जुनी परत टाकली."

घरी जाऊन बाबांना सगळं सांगितलं, कार्ड पुसल्याचंही. पुढच्या बाजाराला ते स्वतःहून आले आणि भोंग्याखाली डोळे मिटून उभे राहिले. मला गिटार. फक्त गिटार.

"बाबा, काय आयकू येते?"

जाहिरात संपेपर्यंत ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "थे तुले इचारून राह्यली. उत्तर दे नं."

भर बाजारात, लोकांच्या घोळक्यात, मी भोंग्याकडे पाहून म्हणालो, "हाव माय, जेवलो." खरं तर सकाळपासून पोटात काही नव्हतं.

बाबांनी डोळे उघडले. "गेली," एवढंच म्हणाले आणि घराकडे चालू लागले. त्यानंतर ते बाजारात आलेले नाहीत.

त्या दिवसापासून सगळ्यांना नवीच जिंगल ऐकू येते. रमेशदादालाही. मास हिप्नॉसिस, जुनी आठवण, कानाचा भ्रम – मी सगळं वाचून पाहिलं. पण कापलेलं वाक्य त्या मुलीला कुठून कळलं?

बायका अजून विचारतात, "काऊन रे, मायची जाहिरात काऊन बंद केली?"

दोन बाजार सगळ्या मोताळ्याने तिला ऐकलं. मी एकदाही नाही.