‘लवकरच’च्या आधीचं पान

आमच्या सोसायटीच्या वेबसाइटवर ‘लिफ्ट दिवाळीपर्यंत सुरू होईल’ असं मी स्वतः वाचलं होतं. दिवाळी गेली आणि ‘दिवाळीपर्यंत’च्या जागी ‘लवकरच’ आलं.

“पहिल्यापासून तेच आहे,” अध्यक्ष शांतपणे म्हणाले. चौथा मजला चढणारे माझे गुडघे पेटून उठले.

माझी भाची बातम्यांचं खरंखोटं तपासते. वेबसाइटच्या जुन्या प्रती जपणाऱ्या संग्रहातून तिने मूळ पान पाच मिनिटांत काढलं. नीट न पुसलेल्या पाटीवर कालचा अभ्यास दिसावा, तसं ते दिसलं. मला फार बरं वाटलं. जगात काहीच पुरतं पुसलं जात नाही तर.

सभेत मी ते पान सगळ्यांसमोर धरलं. अध्यक्षांनी चष्मा लावून ते शेवटपर्यंत वाचलं.

“दिवाळी आहे खरी,” ते म्हणाले. “खाली तुमचा अभिप्रायही आहे.”

तो मी दिवाळीनंतर पुसला होता. ‘असे अध्यक्ष मिळायला भाग्य लागतं.’