पल्लवीची कावीळ

आधी कबूल करा, हसणार नाही. कबूल? भरोसा तं नाही तुमच्यावर, पण चहा तुम्ही पाजून राहिले, म्हणून सांगतो. असा गाढवपणा माझ्या हातून झाला ना बापा, की अजून घरात मान वर करता येत नाही.

आमची पोट्टी पल्लवी हैदराबादले नोकरी करते. दर रविवारी सकाळी तिचा व्हिडिओ कॉल. मोबाइलवर तिचं तोंड बटनाएवढं दिसते, म्हणून मी तो कॉल आमच्या रायपूरच्या चौबे कॉलोनीतल्या घरी कॉम्प्युटरवर घेतो. मोठा मॉनिटर आहे. एरवी आठवडाभर त्याच्यावर कव्हर असते. सुनंदा, म्हणजे आमची मंडळी, बाजूले खुर्ची टाकून बसते आणि मले एक शब्द बोलू देत नाही.

त्या रविवारी मात्र सुनंदाच गप्प झाली. मी पाहिलं तं काय! पोट्टी पिवळीजर्द! गाल पिवळे, दात पिवळे, डोळ्यांतलं पांढरं होतं तेही पिवळं!

"पल्लवी, डोळे मोठे कर," मी म्हणलं.

"क्यों पापा?" आमची पोट्टी मराठी सगळं समजते, उत्तर मात्र हिंदीत.

"कर म्हणलं ना! आता जीभ दाखव."

तिनं दाखवली. नारंगी!

"कावीळ," मी जाहीर केलं. सुनंदानं तोंडाले पदर लावला.

"पापा, मैं बिल्कुल ठीक हूँ! आपके मॉनिटर में गड़बड़ होगी."

आता मी काही अडाणी माणूस नाही. तपासल्याशिवाय बोलत नाही. प्लग काढून परत लावला. मागची केबल काढली, फुंकर मारली, घट्ट बसवली. काच ओल्या फडक्यानं पुसली. पोट्टी तेवढीच पिवळी! मग मी डोकं लावलं. म्हणलं, एखादा जुना फोटो उघडून पाहू. त्यात रंग बरोबर दिसले तं मॉनिटर बरोबर. आहे की नाही हुशारी?

उघडला. भाच्याच्या हळदीचा! नवरदेव पिवळा, आत्या पिवळ्या, करवल्या पिवळ्या, मागचा मंडपही पिवळा.

"पाहा! एकदम बरोबर रंग!"

सांगा मले, दोन-अडीच हजार फोटोंतून हाच काहून सापडावा?

"तिच्या मागची भिंतही पिवळी दिसून राहिली जी," सुनंदा हळूच म्हणाली.

"घरमालकानं रंगवली असेल."

"आणि उशीची खोळ?"

"धुतली नसेल! आजारी माणसाच्यानं धुणं होते काय?"

सोमवारी पोट्टीले रक्त तपासायले लावलं. रिपोर्ट आला, सगळं नॉर्मल. मी म्हणलं, लॅबमधे नळी बदलली. तिनं चिडून मोबाइलवर कॉल केला, त्यात चांगली गोरीगोमटी दिसली. मी म्हणलं, मोबाइलच्या कॅमेऱ्यावर काय भरोसा? तो तं मलेही गोरा करते!

तोवर बातमी रायपूरभर झाली. बीरगांवचा माझा मेव्हणा काविळीची माळ घेऊन आला. डोक्यात घालायची, माळ जसजशी लांबते तसतशी कावीळ उतरते म्हणे. बिलासपूरहून माझ्या बहिणीचे सुनंदाले दिवसातून चार फोन, आणि चारही वेळा दोघी रडायच्या. शेवटी पल्लवीनं हात टेकले. मैत्रिणींसोबत गोव्याले जायचं ठरलं होतं तिचं. ते सोडलं आणि विमानानं घरी आली.

विमानतळावर पाहतो तं पोट्टी टवटवीत! डोळे पांढरेशुभ्र!

"पाहिलं?" मी सुनंदाले म्हणलं. "घरच्या हवेचा गुण."

"पापा, अभी तो मैं घर पहुँची भी नहीं!"

तरी चार दिवस तिले माळ घालून बसवलं. उकडलेला दुधी खाऊ घातला. पाचव्या दिवशी ती गेली, आणि रविवारी आम्ही कॉल लावला.

पिवळी!

"परतली!" मी ओरडलोच. "माळ काढायले नको होती!"

आता थांबणं नव्हतं. पल्लवीले म्हणलं, कॉल चालूच ठेव. स्कूटर काढली, समता कॉलोनीत गेलो आणि आमच्या ओळखीच्या साहू डॉक्टरांले नाश्त्यावरून उठवून घरी आणलं. बिचारे आले. त्यांले मॉनिटरसमोर बसवलं. पल्लवीनं न सांगताच डोळे मोठे केले, जीभ बाहेर काढली. सवयच लागली होती तिले!

डॉक्टरांनी बराच वेळ पाहिलं. सुनंदाच्या ओठांवर देवाचं नाव. मग डॉक्टरांनी स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीवर बोट ठेवलं. कॉलमधे आपलं स्वतःचं चित्र दिसते ना, ती.

"अंकल, ये पीला आदमी कौन है?"

मी वाकून पाहिलं. "ये तो... आप हो."

"और मेरे पीछे ये दो पीले लोग?"

मी मागं वळून पाहिलं. मागं मी आणि सुनंदा!

"इस हिसाब से तो तीनों को भर्ती होना पड़ेगा," डॉक्टर म्हणाले आणि मॉनिटरच्या खालच्या कडेले चाचपडू लागले. तिथं बारीक बटनं असतात. त्यातल्या एकानं डोळ्यांले आराम देणारा पिवळट उजेड सुरू होते. त्या पहिल्या रविवारी कॉलच्या आधी कव्हर काढून धूळ पुसता पुसता माझ्याच हातून तेच दाबल्या गेलं होतं. डॉक्टरांनी दोनदा टिक-टिक केलं, आणि पोट्टी एका सेकंदात खडखडीत बरी! भिंत पांढरी, खोळ पांढरी, दात पांढरे. आणि ते सगळे दात काढून ती आमच्यावर हसून राहिली.

"पापा, मेरा गोवा!" एवढंच म्हणाली.

सुनंदानं डॉक्टरांले चहा दिला. ते तिची समजूत घालत होते, "होता है आंटी, हर आदमी को रंग की समझ नहीं होती." मग सहज मले विचारलं, "वैसे अंकल, आप रिटायर कहाँ से हुए?"

मी म्हणलं, "बिस्किट घ्या ना डॉक्टर."

पण सुनंदा कशाले सोडते? म्हणाली, "पेंट की फैक्टरी से. तीस साल शेड चेक करते थे. सफेदवाले."