जिराफ, पक्षी आणि बाबांचे कान

यंत्राच्या तेलाचा वास आला की शेलार गावातल्या आमच्या घरातली ती संध्याकाळ तरंगत येते. शाळेतल्या बाईंनी जिराफ आणि लांब शेपटीचा हमिंगबर्ड पक्षी यांच्यातला फरक लिहून आणायला सांगितला होता. बाबा नुकतेच कापड विणायच्या लूमवरून आले होते आणि त्यांच्या केसांतली रुई पुस्तकातल्या चित्रांवर अलगद उतरत होती. खडखडाटानं त्यांचे कान गेले होते. ते माझे ओठ वाचत. "एकाची मान लांब, एकाची शेपटी," मी म्हणाले. "आणि पक्ष्याचे पंख गुणगुणतात, जिराफ गप्प असतो." त्यांनी तेलकट बोट आधी पक्ष्यावर, मग जिराफावर ठेवलं. "मला तर दोघंबी गप्पच हायेत गं." तो फरक मी वहीत लिहिलाच नाही. आज कामगारांना कानात घालायला साधे बोळेही न देणाऱ्या मालकांच्या फाटकावर मी पत्रकं वाटते, तेव्हा उडत्या रुईतून तो जिराफ चालत येतो आणि त्याच्या कानाशी पक्षी गुणगुणत असतो.