दादा खरं सांगत होता

मंडळी, आज दुपारपासून माझं कशात लक्ष नाही.

सकाळी भाचीला घेऊन आम्ही दोघी, तिची आई आणि मी, अड्यारला डॉक्टरांकडे गेलो होतो. तिला लहानपणापासून टाइप वन डायबेटिस आहे. सोनोग्राफीत यकृतात चरबी दिसली. डॉक्टरांनी मान वर न करता विचारलं, "ड्रिंक्स किती घेता?"

"रसम घेते, दोन वाट्या," मीच म्हणाले. "चालेल?"

ते ओशाळले. मग नीट सांगू लागले, की टाइप वनच्या माणसाला दारू न पिताही फॅटी लिव्हर होऊ शकतं.

तिची आई, म्हणजे माझी वहिनी, एकदम पुढे सरकली. "थेंबही न घेता?"

"हो, अम्मा."

माझ्या दादालाही हाच डायबेटिस होता आणि यकृताचा रिपोर्टही असाच. तेव्हाच्या डॉक्टरांनी बेधडक दारूचा शिक्का मारला. दादा शपथा घ्यायचा. तरी गुम्मिडिपूंडीच्या फॅक्टरीतून तो घरी आला, की वहिनी रोज त्याचं तोंड हुंगायची. तो गेला तो हाच डाग घेऊन.

परतताना रिक्षात वहिनी म्हणाली, "वन्सं, शेवटचं हॉस्पिटलात नेताना त्यांनी आपणहून तोंड पुढे केलं होतं हो. 'हुंग' म्हणाले."



दादाच्या त्या डॉक्टरला गाठून चार शब्द सुनवायला मी आजही तयार आहे. पण वहिनीला काय सांगू? तुमच्या घरातून असा कुणी खोटा ठरून गेला असेल, तर मागे राहिलेल्याला तुम्ही काय सांगितलंत?