वेल्डिंगचा आवाज

"म्युझिक भारी आहे गं, पण वेल्डिंग ऐकूच येत नाही."

आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये दोन मुली मोबाईलवर मी बनवलेला धडा बघत होत्या. मी मागेच उभी होते, हे त्यांना माहीत नव्हतं. कुणाला कंटाळा येऊ नये म्हणून मी त्यात रंग भरले होते, खेळासारखे प्रश्न घातले होते आणि ठिणग्या उडतात तिथला आवाज बंद करून संगीत लावलं होतं. उद्या तो धडा सगळ्या तुकड्यांना जाणार होता.

"भजी तळल्यासारखी चुरचुर सलग यायला पाहिजे," दुसरी म्हणाली. "मास्कच्या त्या काळ्या काचेतून नवीन माणसाला दिसतंय काय, डोंबल! जोड नीट बसतोय का, हे सर तर कानानेच ओळखतात."

पलीकडे एका मुलाने वेल्डिंगचा रॉड लोखंडाला टेकवला. चुरचुर सुरू झाली, मध्येच फाटली. सरांची त्याच्याकडे पाठ होती, तरी ते ओरडले, "रॉड लांब गेला रे!"

माझं शिक्षण इंग्रजी शाळेत, पुस्तकं आणि पडदे बघत झालं. शिकणं डोळ्यांनी होतं, असंच मी धरून चालले होते. इथे अर्धी विद्या कानात होती, आणि तीच मी गोंगाट समजून पुसली होती. मी गप्प राहिले असते, तर धडा तसाच गेला असता. चारचौघांत बोलायचं मी टाळते, मराठीत तर जास्तच.

चुरचुर थांबेपर्यंत मी थांबले. मग म्हणाले, "सर, धडा उद्या पाठवू नका. त्यातला वेल्डिंगचा आवाज मी काढून टाकलाय."