काचेआडची कोळंबी

घाटकोपरच्या अ‍ॅक्वेरियमच्या दुकानात मी माझ्या नव्या खाऱ्या पाण्याच्या टाकीसाठी लाल पट्ट्यांची कोळंबी निवडत होतो. शेजारी माहुलची एक म्हातारी कोळीण रिकामी पाटी काखेला लावून उभी होती. तिने काचेवर बोट टेकवलं होतं आणि ते सरकेल तशी आतली कोळंबी मागोमाग चालत होती.

"जन्मभर सोलली रे, पण चालताना आज बघितली," ती मला म्हणाली. "आमचे हे होते तेव्हा होडीवरून आले की सांगायचे, कोळंबी पाण्यात नाचते. मी म्हणायचे, गपचूप जेवा."

तेवढ्यात दुकानदाराने टाकीत जाळी घातली. तिने बोट मागे घेतलं.

"ही राहू दे, दुसरी द्या," मी म्हणालो.

तिचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. काचेला कपाळ टेकून ती हलकेच म्हणाली, "खरंच नाचते हो."