पडक्या कमानींचं चित्र

वर्दी उतरवून बरीच वर्षं झाली, तरी अमरावतीतली ती घटना मनातून जात नाही. कापसाला सोन्याचा भाव आलेले ते दिवस. मी तेव्हा ठाण्याचा जमादार होतो. नवी कचेरी बांधणाऱ्या इंग्रज साहेबाने फिर्याद दिली की बंगल्यातल्या मेजावरचं चित्र चोरीला गेलं. रोम शहरातल्या पुरातन पडक्या कमानी त्याने तरुणपणी तिथे बसून पाण्याच्या रंगांत रंगवल्या होत्या. "त्या दिवसांचं माझ्याजवळ तेवढंच उरलं होतं," तो म्हणाला.

बंगल्यात सदा वावर फक्त म्हाताऱ्या खानसाम्याचा. साहेबासमोर त्याच्या पेटीची झडती घेतली. काही मिळालं नाही, तरी त्याला कोठडीत घातलं. संशय आधी घरच्या माणसावर घ्यायचा, हीच आमची शिकवण. खूप दरडावलं. तो एवढंच विचारी, "साहेबाले चहा कोन देऊन राहिलं, जमादार?" मला ते ढोंग वाटलं.

तिसऱ्या दिवशी चुना मळायच्या घाण्यावर बैल हाकणाऱ्याने खबर दिली की कचेरीच्या कामावरचा एक पाथरवट दुपारची भाकर सोडून कागदावर कोळसा घासत बसतो. गेलो, तर चित्र त्याच्या मांडीवर. प्रत्येक मोडक्या कमानीत त्याने गळालेले दगड कोळशाने रेखून बसवले होते.

"कावून नेलं?" मी विचारलं.

"चोरलं नाई जी. साहेबानं नकाशे द्याले बंगल्यावर बोलावलं, तवा मेजावर दिसलं. वाटलं, आपल्याच हातचं कुठलं काम पडलं, अन् साहेब लाजेनं सांगून नाई राहिले. कमान अर्धी ठेवून पाथरवटानं जेवू नाई."

चित्र बंगल्यावर नेऊन दिलं, तेव्हा साहेबाने ते उजेडात धरलं. मला वाटलं, आता भडकणार. पण तो हळूच म्हणाला, "तिथे बसून मीही मनात त्या अशाच पुऱ्या करत असे." त्याचे डोळे भरले होते. त्याने फिर्याद मागे घेतली आणि खानसाम्याला लगेच पाठवायला सांगितलं.

मी कोठडी उघडून निरोप दिला. खानसामा जागचा हलला नाही.

"तुमी माही पेटी उलथली, तवा साहेब उभे राहून पाहत होते. एक शब्द बोलले नाई. आता त्यायच्या ताटात मी काय वाढू?"

तो पायीच अकोल्याच्या रस्त्याला लागला. साहेब संध्याकाळपर्यंत व्हरांड्यात त्याची वाट पाहत बसला होता.

मुद्देमाल हाती आला की तपास संपला, असं आम्ही समजत होतो. निरपराध माणसाची गेलेली इज्जत कुठल्याच पंचनाम्यात लिहिली नाही. पुढे अकोल्याला बदली झाली, तेव्हा दर बाजारच्या दिवशी मी त्याला शोधलं. पण सापडला असता, तरी वर्दी अंगावर असताना माफी मागायची लाज वाटली असती. आता वाटत नाही, पण तो कुठे आहे, आहे की नाही, हे सांगणारं कोणी उरलं नाही.